भाऊंच्या घराचं मागचं आपण बघू : ग्रामस्थ मंडळाचं आवाहन

सर्व ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि पुण्या-मुंबईला असलेल्या गावकरी मंडळींस नमस्कार.

वरच्या आळीतले भाऊ आजारी आहेत, हे गावाला ठाऊक आहेच. तोंडाचा कॅन्सर. ऑपरेशन आणि शेक (रेडिएशन) महात्मा फुले योजनेतून झाले, पण आता आजार फुप्फुसात उतरला आहे. बरं करणारा उपचार उरलेला नाही, असं डॉक्टरांनी घरच्यांना स्पष्ट सांगितलं. सध्या ते पुण्याला, वारजेच्या सिप्ला केंद्रात आहेत; तिथे कॅन्सरच्या पेशंटची वेदना आणि त्रास कमी करून काळजी घेतात. घरच्यांच्या इच्छेनुसार नाव छापलेलं नाही, आणि हा मजकूर वहिनींना वाचून दाखवूनच काढला आहे.

हे केंद्र १९९७ पासून चालू आहे. पेशंटकडून पैसे घेत नाहीत, आणि घरचं माणूस सोबत राहू शकतं. म्हणून पारावर कोणीतरी विचारलंच, "सगळं फुकट आहे, मग वर्गणी कशाला?" प्रश्न रास्त आहे. वारजेला खर्च नाही. खर्च इथे घरी आहे. वहिनी तिथे बसल्या म्हणजे त्यांची रोजंदारी बुडाली. दोन गायी गोठ्यात आहेत, सोयाबीन काढणीला आलंय, थोरला दहावीला, धाकटी सातवीला, आणि घर सांभाळायला अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी. बचत गटाने हप्ता दोन महिने पुढे ढकलला, त्यांचे आभार. फायनान्सवाला मात्र दर सोमवारी दारात उभा असतो.

मंडळाने गणपतीच्या शिल्लकीतून ११,००० रुपये काढले आहेत. दिवाळीपर्यंतचं रेशन, किराणा, थकलेले हप्ते, दहावीच्या क्लासची फी आणि पोरांचं पुण्याला जाणं-येणं धरून आणखी साधारण ३०,००० लागतील. आजींना एसटी मोफत आहे, धाकटीला अर्धं तिकीट; पण स्वारगेटहून पुढे रिक्षा करावीच लागते, आजींना पीएमपीच्या शहर बसमध्ये चढवत नाही. ज्यांना पैसे जमणार नाहीत त्यांनी ओशाळू नये. सोयाबीन येत्या रविवारी सावडीने, म्हणजे सगळ्यांनी मिळून, काढायचं ठरलं आहे. विळा घेऊन या, मळणीयंत्राचं भाडं मंडळ देईल.

भेटायला जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी स्पष्टच लिहितो, राग नसावा. आधी वहिनींना फोन करा आणि दोघांपेक्षा जास्त जाऊ नका. फळं नेऊ नका; भाऊंना नळीवाटे पातळ देतात, मागच्या आठवड्यातली सफरचंदं तशीच पडून राहिली. "अमक्या वैद्याला दाखवा", "मुंबईला हलवा" हे आता पुरे. वहिनींनी ते सगळं करून पाहिलं आहे, आणि असं प्रत्येक वाक्य त्यांना रात्रभर जागं ठेवतं. तंबाखूवर भाषण द्यायचीही ही जागा नव्हे.

मॉर्फिनबद्दलही कुजबुज ऐकली. ते अफूपासून होतं हे खरं, पण डॉक्टर मापून देतात ते वेदना कमी व्हावी म्हणून, माणूस लवकर जावा म्हणून नव्हे. घरी असताना भाऊ पाठ टेकू शकत नव्हते, आता सलग झोपतात. जखमेला वास यायचा म्हणून ते पोरांनाही जवळ येऊ देत नसत. तिथे रोज ड्रेसिंग करताना जखमेवर औषधाची पूड टाकतात, वास पुष्कळ कमी झालाय. गेल्या रविवारी धाकटी त्यांच्या कॉटवर बसून जेवली. बोलता येत नाही म्हणून भाऊ वहीवर लिहितात. आमच्यासमोर पहिलं वाक्य लिहिलं, "तांबडी व्याली का?" व्याली, कालवड झाली. फोटो पाठवला आहे.

त्यांना घरी यावंसं वाटलं तर गाडीची सोय मंडळ करील, दोन गाडीवाल्यांनी शब्द दिला आहे. त्यानंतरच्या खर्चाचीही तजवीज मंडळाने केली आहे. तो विषय घरात, विशेषतः आजींसमोर, कोणीही काढू नये.

वर्गणी खजिनदारांकडे रोख द्या किंवा डेअरीत लावलेल्या क्यूआरवर पाठवा. पावती प्रत्येकाला मिळेल. जमा-खर्च दर एकादशीला विठ्ठल मंदिराच्या फळ्यावर लावू. आपलं मंडळ कर-सवलतीचा दाखला देऊ शकत नाही, हे नोकरदारांनी लक्षात घ्यावं.

धारा काढायच्या पाळीसाठी डेअरीतल्या वहीत नाव घाला. शनिवारची सकाळ आणि रविवारची संध्याकाळ अजून रिकामी आहे. तांबडी नव्या माणसाला लाथ मारते, तेव्हा सराव असलेल्यानेच नाव द्यावं.

आपले,
अध्यक्ष, खजिनदार व सर्व सभासद
ग्रामस्थ मंडळ