वाफसा ओळखायला शिकवणाऱ्या आबांना

ती. आबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही मला दोन वाक्यांपुढं बोलू देत नाही, म्हणून लिहून काढतेय. नातू वाचून दाखवेल. आणि मुद्दाम चारचौघांत लिहितेय. लातूरकडच्या ज्या पोरी-पोरांना रानावनातल्या सायकल शर्यतीत उतरायचंय, त्यांना कळू दे की मी यातलं सगळ्यात अवघड काम औसा रस्त्याच्या एका शेतकऱ्याकडून शिकले.

जुलैतली ती सकाळ आठवते ना? आदल्या रविवारी मोसमातली पहिलीच शर्यत मी अर्धवट सोडून आले होते. दुसऱ्या फेरीत काळ्या मातीनं मागचं चाक धरलं ते सोडलंच नाही. टायर आणि फ्रेमच्या मध्ये गवत-चिखलाचा असा लगदा बसला की सायकल ढकलताही येईना. मी बोटांनी उकरत बसले आणि एकेक जण पुढं निघून गेली. तो राग डोक्यात घेऊनच पावसाची उघडीप बघून तुमच्या पांदीत शिरले. पन्नास पावलांवर पुन्हा तेच. तुम्ही धुऱ्यावरून ओरडलात, "अगं ए पोरी, रानाला वाफसा नाही, कुठं घुसायलीस?" वाफसा म्हणजे पावसानंतर माती चिकटेनाशी होण्याइतकी सुकणं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मग जवळ येऊन खुरप्याच्या टोकानं चाक मोकळं केलंत, आणि मी कोण, कुठली हे विचारायच्या आधी आखाड्यावर नेऊन चहा पाजलात.

त्याच दिवशी तुम्ही मूठभर माती उचलून तिचा लाडू वळलात आणि कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडलात. लाडू तसाच चपटा बसला. "हा फुटला की वाफसा आला समज. तोवर ही माती कुणालाच सोडत नसती, बैलालाबी नाही." पुढं तुम्ही एक गोष्ट सांगितलीत ती मला उलटी वाटली होती. साचलेलं पाणी दिसलं की आम्ही त्याला वळसा घालून कडेच्या ओलसर मातीतून जातो. तुम्ही म्हणालात, पाण्यातूनच काढ, पातळ चिखल चाकावरून वाहून जातो. अर्धी ओली माती खरी चिकट, आणि तिच्यात गवत मिसळलं की दोरी वळल्यासारखी गुंडाळते. मी करून बघितलं. अगदी तसंच झालं.

मोबाईलवर मी तुम्हाला सायक्लोक्रॉस दाखवलं होतं. बेल्जियम-नेदरलँड्सकडं थंडीत चालणारा हा खेळ. तीनेक किलोमीटरची फेरी, तिच्यात गवत, वाळू, चिखल, पायऱ्या, मध्येच आडव्या फळ्या. बायकांची शर्यत साधारण पन्नास मिनिटांची. टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही, म्हणजे माझ्या टायरच्या जवळजवळ निम्मं. सायकल चालेनाशी झाली की खांद्यावर घ्यायची आणि पळायचं. माझी शर्यत माउंटन बाईकची, टायर जाड, पण खाली उतरून पळणं, वाळू काढणं, चिखलात तोल धरणं हे सगळं मी त्यांचंच बघून करत होते. तुम्ही तो खांद्यावर सायकल घेतलेला भाग दोनदा बघितलात आणि विचारलंत, "बायांची कधीपासून आहे ही?" मी सांगितलं, पुरुषांची जागतिक स्पर्धा १९५० साली पॅरिसला सुरू झाली, बायकांची २००० साली. तुम्ही म्हणालात, "मधली पन्नास वर्षं काय करत होते?" नेदरलँड्सच्या मारिआन वोसचं नाव तुम्हाला तेव्हाच सांगितलं. आठ वेळा जगज्जेती, शेवटची २०२२ ला. तुम्हाला नाव राहिलं नाही, पण "ती आठवाली" अजून विचारता.

दुसऱ्या रविवारी आले तर ओढ्याकाठच्या पडीवर बाभळीच्या दोन फळ्या रोवलेल्या. दोन वितीला जरा कमी. मी टेप लावून बघितला, चाळीस सेंटिमीटर! सायक्लोक्रॉसच्या शर्यतीत याहून उंच फळी लावता येत नाही, हे मी एकदाच बोलता बोलता सांगितलं होतं.

वाळूचंही तुमच्याकडूनच. मी वाळूत शिरले की हँडल गच्च धरून वाट शोधायची आणि पडायची. तुम्ही ओढ्यात उभं राहून सांगितलंत, वाळूत बैल वळवायचा नसतो, एकदा चाकोरीत चाक बसलं की सरळ काढायचं. मी वजन मागं घेतलं, हात सैल सोडले, पायडल थांबू दिलं नाही. चौथ्या खेपेला पलीकडं निघाले तेव्हा तुम्ही टोपी काढून हलवलीत. तेवढी शाबासकी मला आजवर कुठल्या बक्षीस समारंभात मिळालेली नाही.

आजींचं वेगळं लिहायला हवं. सायकल उचलून उचलून खांदा काळानिळा पडला होता. त्यांनी जुन्या लुगड्याची चपटी चुंबळ शिवून दिली, कपड्याच्या आतून खांद्यावर बसेल अशी. आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी करून तुम्ही उरलेलं हळद-लोणी त्यांच्याकडं दिलंत, "हिचाबी खांदा मळ." आजींनी मळला. त्या रात्री मला शांत झोप लागली.

मग सप्टेंबर २०२५. मराठवाड्यात किती शिवारं पाण्याखाली गेली ते मी काय सांगावं तुम्हाला. तुमचं काढणीला आलेलं सोयाबीन तीन दिवस पाण्यात उभं होतं, शेंगांना जागेवर कोंब फुटले. मी तीन आठवडे तिकडं फिरकले नाही. कुठल्या तोंडानं यायचं? तुमचं वर्ष वाहून गेलेलं आणि मी शर्यतीची तयारी करायला येणार! शेवटी तुमचाच फोन आला. "पडीवरचं पाणी वसरलंय. फळ्या वाहून गेल्या होत्या, एक सापडली, एक नवी केलीय. ये." आबा, त्या दिवशी मी लॅबमध्ये ड्युटीवर होते. सुया-बाटल्या तशाच ठेवून जिन्यात जाऊन रडले. तुम्ही माझ्याकडून कधी रुपया घेतला नाही. त्या आठवड्यात उरलंसुरलं सोयाबीन गोळा करायला मी आले तर त्यालाही नको म्हणालात. मी ऐकलं नाही, ते बरं केलं.

तिकडच्या मोठ्या शर्यतीत मध्येच सायकल बदलून मिळते आणि मळलेली सायकल पंपाच्या पाण्यानं धुऊन तयार ठेवतात. माझी सायकल एकच. आणि २०१६ ला ज्या लातुरात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी आम्ही प्यालो, तिथं सायकलवर पाइप सोडायला हात धजत नाही. चिखल वाळू द्यायचा, काठीनं हळू ठोकायचं, ढलप्या पडल्या की ब्रशनं झाडून साखळीला तेल द्यायचं, ही तुमची औतं ठेवायची रीत मी तशीच उचलली.

नोव्हेंबरची शर्यत पूर्ण झाली. डिसेंबरात चौथी आले. त्या सकाळी मार्ग बघायला गेले तेव्हा पहिल्यांदा खाली वाकून माती घेतली, लाडू वळला, सोडला. फुटला. मग टायरमध्ये हवा थोडी वाढवली आणि निर्धास्त सुटले. शेजारची एक मुलगी बघत होती, तिलाही दाखवलं.

आता येत्या रविवारी राज्य स्पर्धा. हे दहा दिवस लांबच्या फेऱ्या बंद केल्यात. दोन दिवसांआड थोडा वेळ, पण जोरात, सुरुवातीच्या उडीचा सराव आणि फळ्या. पाय हलके वाटतायत. भीती आहे, ती पहिल्या वळणाची, जिथं सगळ्या एकदम शिरतात.

शुक्रवारी दुपारी निघतेय. दोन्ही फळ्या काढून आखाड्यात भिंतीला उभ्या केल्यात, वाळवी लागू नये म्हणून खाली दगड दिलेत. पडीवर हरभरा टाकायचा राहिला तो माझ्यामुळं, हे नातवानं सांगितलं मला. पुढच्या हंगामात तिथं पेरा, मी ओढ्यापलीकडं जागा बघते. आजींची चुंबळ सोबत नेतेय. शर्यत संपली की पहिला फोन तुम्हाला, उचला.

आजींना नमस्कार.

तुमची,
सायकलवाली पोरगी