फलक खाली ठेवा, बादली उपडी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून उजाडला की पर्यावरण दिनाच्या, हिरव्या टोप्या घातलेल्या विद्यार्थ्यांच्या फेरीचं छायाचित्र पेपरात येतं. अशा काही फेऱ्या मी स्वतः काढल्या आहेत, त्यामुळे या पत्राला थोडा कबुलीजबाबच समजा. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होते. पर्यावरण हा विषय माझ्याकडे आला, कारण दुसरं कोणी तो घेत नव्हतं. 'मुळा-मुठेचे प्रदूषण : कारणे व उपाय' हा प्रकल्प मी इतक्या वेळा तपासलाय की त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा ओळखीच्या झाल्या होत्या. एका वर्षाच्या वहीतली चूक पुढच्या वर्षी इमानेइतबारे उतरायची आणि आम्ही शिक्का मारायचो.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी ५ जूनला मुलांना नदीपात्रात नेलं. दोन तासांत पोती भरली, फोटो झाले, प्राचार्य बोलले. मंडळी पांगल्यावर पाहते तर मुलांना वाटलेल्या पाण्याच्या छोट्या बाटल्या आणि वडापावचे कागद तिथंच पडलेले. ते उचलले. पण खरं बोचलं ते पुढचं. तिथं आलेल्या एका कचरावेचक ताईंनी आमच्या पोत्याचं तोंड सोडून आत पाहिलं आणि म्हणाल्या, "मॅडम, याचं काय होत नाही. चिखल लागल्यावर कोण घेतंय?"

मी वर्षानुवर्षं पुनर्चक्रीकरणाची व्याख्या पाठ करून घेत होते आणि एवढी साधी गोष्ट मला माहीत नव्हती. प्लास्टिक नदीत गेलं की त्याची किंमत संपते. ते पुन्हा वापरात येणार की कचऱ्याच्या डोंगरावर जाणार, हे ठरतं आपल्या ओट्याखालच्या बादलीत. आमटीत भिजलेला पुठ्ठा रद्दीत जात नाही. दुधाची पिशवी धुऊन वाळवली तर भंगारवाला घेतो, पण आपण कात्रीनं उडवलेला तिचा इवलासा कोपरा कोणाच्याच हाती लागत नाही. म्हणून तो लोंबता ठेवून कापायचा. चिप्सच्या पाकिटात तर प्लास्टिकच्या थरांमध्ये ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. ते थर सुटे करणं परवडत नाही, त्यामुळे पाकीट धुऊन दिलं तरी त्याला सहसा गिऱ्हाईक नसतं. आमच्या नदी स्वच्छतेचा अल्पोपाहार नेमका याच पाकिटांतून वाटला होता!

नंतर मी त्या ताईंबरोबर त्यांच्या वर्गीकरणाच्या शेडमध्ये एक सकाळ घालवली. प्लास्टिक बोटांनी चुरगाळून, आवाजावरून त्या बायका प्रकार ओळखत होत्या. माझ्या हातातली पिशवी कोणत्या ढिगात जाईल, हे मला सातपैकी चार वेळा चुकलं. एम.एस्सी. झालेय मी.

यात नवल नाही, नवल याचं की हे ज्ञान पुण्यात इतकं जवळ असून महाविद्यालयांना दिसत नाही. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, डॉ. बाबा आढाव तिचे अध्यक्ष झाले. त्यामागे एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागाचं काम होतं. म्हणजे सुरुवात विद्यापीठातूनच झाली होती. पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था झाली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. आज तीन हजारांहून अधिक माणसं या कामात आहेत.

माझी सूचना एवढीच. अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण आणि जलसुरक्षा हा विषय आहेच. त्याच्या वहीऐवजी मुलांनी आपल्या महाविद्यालयाच्या कँटीनमधली कचऱ्याची बादली सात दिवस उपडी करावी. ओलं, सुकं वेगळं करून वजन करावं, विकलं जाणारं आणि न विकलं जाणारं नोंदवावं. कँटीनवाल्याला ते आकडे दाखवावेत. एक सकाळ शेडमध्ये बसावं. आणि प्रकल्पाची तोंडी परीक्षा कचरावेचक ताईंनी घ्यावी. बहिःस्थ परीक्षक म्हणून मानधनही त्यांना मिळावं, आम्ही घेतच होतो की. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास काम अपेक्षित असतं, तेव्हा 'मुलांना वेळ कुठाय' ही सबब चालणार नाही.

तरुण मुलं घरात जे करू शकतात ते आमच्या पिढीला साधलेलं नाही, हेही सांगायला हवं. उदाहरण सॅनिटरी पॅडचं. ते कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे उघडून पाहण्याची वेळ कोणावर येत नाही, अशी मोहीम पुण्यात २०१७ पासून आहे. आमच्या सोसायटीच्या सभेत हा विषय काढला तर अध्यक्षांनी चष्मा पुसायला घेतला. पुढच्या विषयावर गेलो. महिन्याभरानं दुसऱ्या मजल्यावरच्या अभियांत्रिकीच्या मुलानं लिफ्टजवळ कागद चिकटवला : 'पॅड आणि डायपर गुंडाळून, लाल ठिपका काढून द्यावे. आपल्या घरातलं उघडायला दुसऱ्याची आई येते.' पुणेरी पाटीला शोभेल असा तिखटपणा. दोघा-तिघांनी भुवया उंचावल्या, एकानं कागद फाडला, त्या मुलानं दुसरा लावला. आता बहुतेक घरांतून पुडी नीट येते. सगळ्यांतून नाही. चौथ्या मजल्यावर अजून मिश्र कचऱ्याची काळी पिशवी दाराबाहेर असते.

गणेशोत्सवातही हीच मुलं घाटांवर उभी राहून निर्माल्य वेगळं घेतात. म्हणून तरुणांना उत्साह नाही, हा आरोप मला पटत नाही. आम्हीच त्यांच्या हाती फलक देऊन त्यांना रस्त्याच्या कडेला उभं करतो.

आपल्याला एक विनंती. पुढच्या ५ जूनला फेरीचं छायाचित्र जरूर छापा, पण बातमीदाराला अर्धा तास जास्त थांबायला सांगा. फेरी संपल्यावर मैदानात काय पडलंय, त्याचंही एक छायाचित्र शेजारी येऊ द्या.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राध्यापिका, कोथरूड, पुणे