एनआयपीटीच्या आधी एचपीएलसी

सांगली

चि. सुहास,

अनेक आशीर्वाद.

तेजूला नववा आठवडा संपत आलाय आणि साताऱ्याच्या डॉक्टर मॅडमनी एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तावरून गर्भाच्या गुणसूत्रांतले दोष बघायची तपासणी, सुचवलीय, असं तू फोनवर म्हणालास. करायला हरकत नाही. पण तुम्हा दोघांची पहिली तपासणी ती नव्हे. तू मामाची मुलगी केलीस. त्या नात्यामुळे जो धोका थोडा वाढतो, तो एनआयपीटी बघतच नाही. आणि ती जे बघते, त्याचा नात्याशी संबंध नाही. म्हणून आधी एचपीएलसी, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार मोजायची तपासणी, दोघांची, आणि याच आठवड्यात.

मामे-आते भावंडांची साधारण आठवा हिस्सा जनुकं एकच असतात. माझ्या वडिलांकडे एखादं बिघडलेलं जनुक असलं तर ते माझ्याकडून तुझ्यात आणि दादाकडून तेजूत आलेलं असू शकतं. एक प्रत बिघडलेली असलेला माणूस ठणठणीत असतो, जन्मभर पत्ताही लागत नाही. दोन्ही बिघडलेल्या प्रती बाळाकडे गेल्या की आजार होतो. कुठल्याही जोडप्याच्या बाळात गंभीर दोष असण्याची शक्यता 100 मध्ये 2-3 असते, तुमच्यासारख्यांत ती 4 ते 6 च्या आसपास जाते. म्हणजे बहुतेक बाळं व्यवस्थितच जन्मतात, मामीला रात्रभर जागवू नकोस. पण दोघांचं थोडं रक्त देऊन जे कळतं ते कळून घ्यायला काय हरकत आहे?

त्यात पहिला थॅलेसेमिया, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये दोन-तीन मिली रक्त, उपाशीपोटी जायची गरज नाही. सीबीसी आणि हिमोग्लोबिन एचपीएलसी दोन्ही लिहून घे. सीबीसीत एमसीव्ही (तांबड्या पेशीचं आकारमान) 80 च्या खाली, एमसीएच (एका पेशीतलं हिमोग्लोबिन) 27 च्या खाली आणि तांबड्या पेशींची संख्या मात्र भरपूर, असं दिसलं की संशय धरायचा. एचपीएलसीत हिमोग्लोबिन ए-टू 3.5 टक्क्यांच्या वर गेलं तर माणूस वाहक, म्हणजे एक बिघडलेली प्रत असलेला. आपल्याकडे होतं असं की बाईचं हिमोग्लोबिन 10 आलं की सरळ लोहाच्या गोळ्या सुरू होतात आणि पुढचं कुणी बघत नाही. शिवाय अंगात लोह फार कमी असेल तर ए-टू खाली ओढलं जातं आणि वाहकाचा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. तेजूचा आकडा 3.2-3.4 असा काठावर आला तर फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठाही तपासून घ्या.

एकच जण वाहक असेल तर बाळाला मोठा आजार होत नाही. दोघंही निघालात तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची चारात एक शक्यता. मग आधी तुम्हा दोघांच्या जनुकातला नेमका बिघाड शोधावा लागतो आणि त्यानंतर 11 ते 14 आठवड्यांत वारेचा नमुना, म्हणजे सीव्हीएस. बिघाड शोधायलाच बरेच दिवस जातात, म्हणून घाई करतेय.

दुसरं, मामीजवळ बसून घराण्याचा तीन पिढ्यांचा तक्ता काढ. कुणाचं मूल पहिल्या वर्षात गेलं का, जन्मतः ऐकू न येणारं कुणी आहे का, चालतं मूल चालायचं थांबलं का, पडल्यावर रक्त थांबत नाही असा कुणी मुलगा आहे का. ‘दृष्ट लागली’, ‘तापात गेलं’ एवढ्यावर सोडू नको, वय आणि लक्षणं विचार. एखादी गोष्ट सापडली तर पुण्या-मुंबईच्या जेनेटिक्सतज्ज्ञाला दाखवायची आणि दोघांचं कॅरिअर स्क्रीनिंग, म्हणजे आणखी कुठल्या आजारांचे वाहक आहात का ती तपासणी, करायचं. त्यालाही तीन-चार आठवडे लागतात.

आता एनआयपीटी. तेजूच्या रक्तात डीएनएचे मोकळे तुकडे फिरत असतात. त्यातले बहुतेक तिचेच, थोडे वारेतून आलेले. लॅब ते मोजते आणि 21, 18 किंवा 13 नंबरच्या गुणसूत्राचे तुकडे प्रमाणाबाहेर आहेत का ते सांगते. डाऊन सिंड्रोम म्हणजे 21 जादा. तुकडे वारेचे असतात, बाळाचे नव्हेत, हे लक्षात ठेव. पुढचे बरेच घोळ तिथूनच होतात. कधी वारेत दोष असतो आणि बाळ निर्दोष. कधी सुरुवातीला दोन पिशव्या होत्या, एक विरली आणि तिचे तुकडे मागे राहिले. पहिल्या सोनोग्राफीत तसं काही लिहिलंय का ते बघून मॅडमना सांग.

10 आठवडे पूर्ण झाल्याशिवाय रक्त देऊ नका, आणि आठवडे पाळीच्या तारखेवरून नव्हे, सोनोग्राफीवरून धरा. वारेच्या तुकड्यांचं प्रमाण साधारण 4 टक्के तरी लागतं. फार लवकर घेतलं, वजन जास्त असलं किंवा रक्त पातळ करायची हेपॅरिनची इंजेक्शनं चालू असली तर ते भरत नाही आणि ‘नो कॉल’, म्हणजे निकाल सांगता येत नाही असा रिपोर्ट, येतो. पुन्हा घेतल्यावर बहुधा रिपोर्ट मिळतो. पण दोनदा नो कॉल आला तर ‘काही नाही’ असं समजायचं नाही. 18 आणि 13 च्या दोषांतही हे प्रमाण कमी राहतं.

ट्यूब वेगळी असते, पेशी फुटू नयेत म्हणून द्रव घातलेली, 10 मिलीची. ती भरली की लगेच आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटसुलट करायची, घुसळायची नाही. आणि फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या डब्यात अजिबात नाही. साताऱ्यातून नमुना बाहेरगावी कुरियरने जातो, तिथं नेणारा पोरगा बाकीच्या नमुन्यांबरोबर तो बर्फावर ठेवतो. मग तेजूच्याच पांढऱ्या पेशी फुटून तिचा डीएनए वाढतो आणि वारेचा हिस्सा पातळ होतो. नमुना उचलताना तू तिथं थांब आणि डबा बघ.

रिपोर्ट ‘लो रिस्क’ आला तर या तीन गुणसूत्रांपुरती चिंता जवळजवळ मिटली. थॅलेसेमिया, हृदयाचा दोष, पाठीच्या कण्याचा दोष यांबद्दल तो काही बोलत नाही. म्हणून 11 ते 13 आठवडे 6 दिवसांमधली एनटी सोनोग्राफी (बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी मोजणारी) आणि 18 ते 20 आठवड्यांतली अ‍ॅनोमली सोनोग्राफी (अवयवांतले दोष बघणारी) चुकवायची नाही. एनटी 3.5 मिमीच्या वर गेली तर एनआयपीटी कितीही चांगली येऊ दे, पुढची तपासणी करायचीच.

‘हाय रिस्क’ आला तर? तेजूच्या वयाला साधारण हजारात एका गर्भाला डाऊन असतो. 10,000 बायकांची तपासणी केली तर 10 खरे. ते जवळजवळ सगळे पकडले जातात. उरलेल्या 9,990 जणींत हजारी एक चूक धरली तरी आणखी 10 रिपोर्ट हाय रिस्क. म्हणजे अशा 20 रिपोर्टांतली 10 बाळं चांगली! 99 टक्के अचूक म्हणून जाहिरात होते ती याच तपासणीची. त्या कागदावर कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. खात्री करायला 16 व्या आठवड्यात सोनोग्राफीखाली सुईने 15-20 मिली गर्भजल काढतात. पहिला रिपोर्ट तीन-चार दिवसांत, पूर्ण कॅरिओटाइप, म्हणजे सगळ्या गुणसूत्रांची तपासणी, दोन-तीन आठवड्यांत. या सुईमुळे गर्भपात होण्याचा धोका अर्ध्या टक्क्याहून कमी असतो. तेजूचा रक्तगट बी निगेटिव्ह आणि तुझा पॉझिटिव्ह, तेव्हा बाळाच्या रक्ताविरुद्ध तिच्या अंगात प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून सुईनंतर 72 तासांत अँटी-डीचं इंजेक्शन. हे आधीच बोलून ठेव.

गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर बाळात दोष असेल तर 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो, त्यापुढे मोठ्या दोषासाठी मेडिकल बोर्ड. संमती फक्त तेजूची लागते. तुझी नाही, माझी तर नाहीच.

आणखी एक. 1997 मध्ये या तंत्राचा पाया घातला गेला तो मुलगा पोटात असलेल्या बायकांच्या रक्तात वाय गुणसूत्राचे तुकडे सापडल्यामुळे. म्हणजे यातून लिंग कळतं, पण गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या 1994 च्या कायद्याने ते सांगायला आणि विचारायलाही बंदी आहे. म्हैसाळचं 2017 चं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण आपल्याच जिल्ह्यातलं. घरातलं कुणी ‘लॅबमध्ये ओळख आहे, विचारून बघू का’ म्हणालं तर तिथल्या तिथं गप्प कर, मग तो तुझा मामा का असेना.

दोघांचे सीबीसी आणि एचपीएलसी हाती आले की सगळ्या पानांचे फोटो पाठव, आलेखाचं पानसुद्धा. नुसतं ‘नॉर्मल आहे’ असं कळवू नकोस, मला आकडे हवेत.

तुझी आई