यादीत ‘पुट ऑफ’ नको, ‘पुट इट ऑफ’ छापा

महोदय,

स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत ‘फ्रेझल व्हर्ब्ज’च्या, म्हणजे क्रियापदाला ‘ऑफ’, ‘आउट’ असे छोटे शब्द जोडून वेगळा अर्थ देणाऱ्या इंग्रजी प्रयोगांच्या, लांबलचक याद्या असतात. पुट ऑफ म्हणजे लांबणीवर टाकणे, पुट आउट म्हणजे विझवणे, पुट अप विथ म्हणजे सहन करणे. मुलं त्या घोकतात, गाळलेल्या जागा बरोबर भरतात आणि स्वतःचं वाक्य लिहायची वेळ आली की बिनदिक्कत ‘पुट ऑफ इट’ लिहितात. यात चूक मुलांपेक्षा यादीची जास्त. दोन शब्द शेजारी शेजारी छापले की ते सुटेही होतात, हे कळायला वावच राहत नाही.

‘पुट ऑफ द मीटिंग’ चालतं, ‘पुट द मीटिंग ऑफ’ही चालतं. पण मीटिंगच्या जागी सर्वनाम आलं की ते मधेच बसतं: ‘पुट इट ऑफ’. बोलताना जोर ‘ऑफ’वर. ‘पुट अप विथ’ मात्र फोडता येत नाही. तिथे ‘पुट अप विथ इट’च. म्हणून वहीत नुसता अर्थ न लिहिता ‘इट’ घातलेलं छोटं वाक्य लिहावं. शिकणाऱ्यांसाठीच्या चांगल्या कोशात मूळ क्रियापदाची नोंद संपल्यावर हे प्रयोग वेगळे दिलेले असतात. तिथे ‘समथिंग’ कुठे छापलंय ते पाहिलं की कर्माची जागा कळते.

पुढे क्रियापद आलं तर ‘पुट ऑफ गोइंग’; ‘टु गो’ नाही. आपणही ‘जाणं लांबणीवर टाकलं’ म्हणतो, ‘जायला लांबणीवर टाकलं’ म्हणत नाही.

खरी गंमत ‘पुट ऑन’ची. चित्रात निळा शर्ट घातलेला माणूस दिसला की मुलं लिहितात, ‘ही इज पुटिंग ऑन अ ब्लू शर्ट’. म्हणजे त्या माणसाचा एक हात अजून बाहीत जातोय! शर्ट अंगावर असेल तर ‘वेअरिंग’. मराठीत ‘घालतोय’ आणि ‘घातलाय’ एकाच क्रियापदावर भागतं, म्हणून ही चूक होते. शिवाय पुटचा भूतकाळही पुटच, ‘पुटेड’ नव्हे. ‘ही पुट ऑन’ म्हणजे त्याने घातला, ‘ही पुट्स ऑन’ म्हणजे तो घालतो. सगळा फरक त्या ‘स’चा.

‘पुट द डॉग डाउन’ म्हणजे उचललेल्या कुत्र्याला खाली ठेवणं, आणि आजारी कुत्र्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवणंही. संदर्भ सोडून पाठ केलेला अर्थ इथे भलताच अंगाशी येईल.

खरं तर हे आपल्याला परकं वाटायला नको. समजूत काढणे, खोडी काढणे, कर्ज काढणे, दिवस काढणे, यातलं ‘काढणे’ कोण यादीवरून शिकलं? ‘ईट’ आणि ‘ईट अप’मधला फरक ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ असा सांगितला, तर ‘ड्रिंक अप’, ‘युज अप’ शिकवावे लागत नाहीत. (‘पुट अप’ला हा हिशोब लावू नये, त्याचा एक अर्थ पाहुण्याला मुक्कामाला ठेवून घेणं.)

मार्गदर्शकांच्या प्रकाशकांनी पुढच्या आवृत्तीत निदान ‘पुट इट ऑफ’ असं छापावं. एका शब्दाची जागा जास्त लागेल, एवढंच.

— इंग्रजीचा एक शिक्षक, सांगली