रविवारच्या बैठकीआधी: सातारा कथागटातील सर्वांसाठी

नमस्कार मंडळी,

रविवारी येताना कथेचा पहिला परिच्छेद लिहून आणायचा आहे. ‘विषयच सुचत नाही’ असं गेल्या वेळी काहींनी सांगितलं, म्हणून हे मुद्दाम कळवतोय.

शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी शब्दकोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही मोफत पाहता येतात. रोज एकच शब्द उघडा आणि त्याच्या आगेमागचे शब्द, म्हणी, वाक्प्रचार वाचत जा. शेतीची अवजारं, भांडी, नाती... आजीच्या तोंडचे कितीतरी शब्द तिथे पुन्हा भेटतात, आणि एखाद्या शब्दामागे अख्खा माणूस उभा राहतो. माझी मागची कथा ‘मोट’ या एका शब्दावरून सुचली होती.

संदर्भ तपासायला मराठी विश्वकोश आहेच. तो आपल्या वाईत घडला, याचा मला फार अभिमान वाटतो. जुनं गद्य वाचायचं असेल तर मराठी विकिस्रोत हे मोफत ऑनलाइन ग्रंथालय बघा. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकंही मोफत उतरवून घेता येतात.

मोबाइलवर कोणाला जमलं नाही तर अर्धा तास लवकर या, शेजारी बसून दाखवतो. सापडलेले शब्द टिपायला वही मात्र आणा.