टास्मानियाच्या पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र: चिप क्रेफिशला लावा, पण पंधरा वर्षांसाठी

मा. पर्यावरणमंत्री,
टास्मानिया राज्य, होबार्ट यांस,

सविनय नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे येईलच. मराठीत लिहितो आहे ते इथे स्थायिक झालेल्या आमच्या मंडळींसाठी. नदीकाठी सहली पुष्कळ होतात, पाण्यात कोण राहतं याची चौकशी कमी.

उत्तरेकडच्या, बास सामुद्रधुनीला मिळणाऱ्या नद्यांत आणि आर्थर नदीच्या खोऱ्यात जगातला सर्वांत मोठा गोड्या पाण्यातला अपृष्ठवंशी प्राणी आहे: महाकाय क्रेफिश, शेवंडासारखा कवचाचा. पूर्वी सहा किलोपर्यंत भरायचा. मादीला वयात यायलाच सुमारे १४ वर्षं लागतात, पुढेही अंडी वर्षाआड. १९९८ पासून पकडायला बंदी आहे, ते उत्तमच. पण वृक्षतोडीनंतर ओहोळात उतरणाऱ्या गाळाला बंदी कळत नाही.

कवचावर ट्रान्समीटर चिकटवून मोठ्या क्रेफिशचा माग काढला गेला आहे. काही दिवस एकाच डोहात ओंडक्याखाली मुक्काम, मग अचानक लांबची चाल. अडचण अशी, की कात टाकली की ट्रान्समीटरही गेला. आणि पिल्लांच्या पाठीवर तो मावायचा कसा? पिल्लं तर उगमाकडच्या अरुंद ओहोळांत वाढतात, जिथे आपली वनसंहिता, म्हणजे वृक्षतोडीची नियमावली, सर्वांत सैल आहे. मोठ्या नदीकाठी ४० मीटरचा पट्टा राखीव, लहानशा ओहोळाला १० मीटर, तोही फक्त यंत्रं आत न नेण्यापुरता. क्रेफिशसाठी काही ठिकाणी जादा अटी घालतात, मान्य. पण त्या अटी अधिवासाच्या नकाशावर चालतात, क्रेफिश प्रत्यक्ष कुठून कुठे जातो यावर नाही.

शरीरात बसवायची बिनबॅटरीची चिप कात टाकल्यावरही टिकते. मात्र ती अगदी जवळूनच वाचता येते. म्हणून रस्त्यांखालच्या मोऱ्यांच्या दोन्ही तोंडांशी वाचकयंत्रं बसवा. कोणता क्रेफिश वर गेला, कोणता मोरीपाशीच अडला, ते कळेल. पैसे मात्र एकदम पंधरा वर्षांचे बाजूला काढा. तीन वर्षांच्या अनुदानात आज चिप लावलेलं पिल्लू वयातही येणार नाही, आणि सरकार तर चार वर्षांनी बदलू शकतं.

आमच्या आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाशी सापडलेल्या एका छोट्या माशासाठी महाराष्ट्र सरकारने २०२१ साली जेमतेम दोन हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरवली. जागा चिमूटभर, पण उगमच धरला.

मोऱ्यांची ठिकाणं मात्र जाहीर करू नयेत. चोरट्यांना तेवढीच माहिती हवी असते.

आपला,
लाँसेस्टनमधील एक मराठी रहिवासी