सीपीकेचा आकडा मागच्या रिपोर्टशेजारी ठेवून वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. आमवात, ल्युपस (प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार), मायोसायटिस (स्नायूंची सूज) अशा आजारांचे बरेच रुग्ण आमच्याकडे नेमाने रक्त द्यायला येतात. रिपोर्ट हातात पडला की सगळ्यांची नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यांवर जाते. ठळक काही नसेल तर ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हणत कागद पिशवीत जातो. सीपीकेच्या बाबतीत हे महागात पडू शकते, म्हणून हे पत्र.

सीपीके हे स्नायूंमधले एन्झाइम. स्नायूंच्या पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरते. पॉलिमायोसायटिस या मायोसायटिसच्या प्रकारात ते नॉर्मलच्या दहापट, कधी पन्नासपटही होते. एवढा मोठा आकडा कुणाच्या नजरेतून सुटत नाही. सुटतात ते लहान आकडे. आमवाताच्या आणि ल्युपसच्या अनेक रुग्णांत सीपीके मुळातच कमी असतो. आजाराचा जोर, स्टिरॉइड, कमी झालेली हालचाल, झिजलेले स्नायू ही त्यामागची कारणे. एखाद्या बाईंचा नेहमीचा आकडा ४० असेल आणि पुढच्या वेळी तो १५० आला, तर रिपोर्टवर कसलीही खूण होत नाही, कारण छापलेली मर्यादा निरोगी माणसांवरून ठरलेली असते. पण त्या बाईंसाठी ती जवळपास चौपट वाढ आहे!

कळव्याहून येणाऱ्या एक काकू मला आठवतात. रक्त घेताना हात टेबलावर ठेवायला सांगितले, तर त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून ठेवला. सांधा दुखत नव्हता, हातात ताकदच नव्हती. सीपीके ‘नॉर्मल’ आला, पण त्यांच्या फायलीतल्या जुन्या सगळ्या आकड्यांच्या कितीतरी वर. डॉक्टरांनी त्यावरून पुढे एमआरआय केला आणि स्नायूंना सूज निघाली.

नुसत्या आकड्यावरून निदान होत नाही, हेही खरे. डर्मॅटोमायोसायटिसमध्ये (त्वचेवरही परिणाम करणारा मायोसायटिस) आणि स्टिरॉइडमुळे स्नायू दुबळे होतात तेव्हा सीपीके अगदी नॉर्मल असू शकतो. म्हणून स्टेशनचा जिना चढवत नाही, खाली बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, वेणी घालताना हात खाली येतात, असे काही असेल तर रिपोर्ट काहीही म्हणो, डॉक्टरांना सांगाच.

उलटा घोळही होतो. ठाण्याची ‘वर्षा मॅरेथॉन’ धावून दुसऱ्या दिवशी रक्त दिले तर धडधाकट तरुणाचाही सीपीके हजाराच्या पुढे जाऊ शकतो. दंडात किंवा कमरेत घेतलेले इंजेक्शन, मंदावलेला थायरॉइड, कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या यांनीही तो वाढतो.

आणखी एक गोष्ट मला फार खटकते. आमवातावरची मेथोट्रेक्सेट गोळी घेणाऱ्यांची एसजीओटी, एसजीपीटी ही लिव्हरच्या तपासणीतली एन्झाइम्स वाढली की लिव्हरवर परिणाम झाला असे धरून गोळी थांबवली जाते. पण ही दोन्ही एन्झाइम्स स्नायूंतही असतात. त्याच नमुन्यात सीपीके आणि जीजीटी हे लिव्हरचे एन्झाइम पाहिले तर उलगडा होतो, कारण स्नायूंच्या आजाराने जीजीटी वाढत नाही. ठाण्यात चौकाचौकात ‘फुल बॉडी’ पॅकेजच्या जाहिराती आहेत, त्यांत सीपीके असतोच असे नाही. तो वेगळा सांगून करून घ्यावा लागतो.

लॅबचालकांना विनंती, की सीपीकेच्या रिपोर्टवर नव्या आकड्याशेजारी रुग्णाचा मागचा आकडा तारखेसह छापावा. संगणकात तो असतोच. डॉक्टरांनी उपचार सुरू करण्याआधी एकदा सीपीके करून ठेवावा, म्हणजे पुढे तुलनेला आधार राहील. रुग्णांनी शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासणी करावी, आधीचे काही दिवस जड व्यायाम टाळावा आणि जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून कागदावरच न्यावेत. गर्दीच्या ओपीडीत मोबाइलमधली पीडीएफ शोधत बसायला कुणालाच वेळ नसतो.

– एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, नौपाडा, ठाणे